चार टेबलांची शिस्त कोणाच्या फायद्याची

"तुझ्यात शिस्त नाही," असं मला ज्या माणसाने महिनोन्‌महिने ऐकवलं, त्याला माझ्या प्रत्येक डावामागे पैसे मिळत होते. हे आधीच सांगून टाकतो. पोकर, एकाग्रता आणि शिस्त याबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघालं आहे. आणि तो माणूस आजही जुन्या विद्यार्थ्यांना सांगतो म्हणे, की किन्हीराजाचा तो पोरगा डोक्याने बरा होता, पण त्याचा स्वतःवर ताबा नव्हता.

माझा ताबा किती होता ते माझ्या रजिस्टरात आहे. किन्हीराजात महामार्गाला लागून माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जुलै लागला की पीक विमा. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे भरणारा माणूस स्वतःचे आकडे मोकळे सोडत नाही. मी एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडवर (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने भरायची छोटी आणि मोठी रक्कम) खेळायचो, म्हणजे टेबलावर बसताना दोनशे रुपये. प्रत्येक बैठकीची एक ओळ: किती वाजता बसलो, किती घेऊन बसलो, किती वाजता उठलो, किती घेऊन उठलो. त्याखाली जिथे खरा विचार करावा लागला असा एक डाव. जिंकलो की हरलो याला त्या डावात महत्त्व नाही, ठरवलं ते बरोबर होतं का एवढंच लिहायचं.

पत्ते म्हटले की आमच्या भागात लोकांच्या डोळ्यांसमोर एक्का-बादशाह नाहीतर अंदर-बाहर येतं. अंदर-बाहरमध्ये पान आत पडतं की बाहेर, एवढाच प्रश्न असतो, तुम्ही काही ठरवत नाही. पोकरमध्ये प्रत्येक टप्प्यावर भरायचं, वाढवायचं की पान टाकून मोकळं व्हायचं हे तुम्हीच ठरवता. यावर कोर्टांचंही एकमत नाही. रमीत कौशल्य आहे असं सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच म्हटलं. पोकरबाबत गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये नशिबाचा खेळ म्हटलं आणि अलाहाबाद हायकोर्टाने 2024 मध्ये कौशल्याचा. माझं मत विचाराल तर एका रात्री नशीब आणि वर्षभरात कौशल्य. पण हे वर्षभर टिकायला एकाग्रता लागते, आणि ती वाढवायची म्हणूनच मी क्लास लावला.

ज्यांना आम्ही सर म्हणायचो ते पुण्याचे. फी नऊ हजार, तीन हप्त्यांत. सुरुवातीचे काही वर्ग खरोखर चांगले होते, तेवढं श्रेय मी काढून घेत नाही. जागेप्रमाणे कोणती पानं खेळायची, पॉट (मध्ये जमलेले पैसे) केवढा आहे आणि भरायचे किती याचं गणित, समोरचा कधी उगाच वाढवतो, हे त्यांनी नीट शिकवलं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक अट घातली. माझं आधी ज्या अ‍ॅपवर खातं होतं तिथे खेळायचं नाही. त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून दुसऱ्या अ‍ॅपवर नवं खातं उघडायचं. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे तुझे डाव मला तपासता येतील, शिवाय तुला बोनस मिळेल." मी सरळ माणूस, शिक्षक सांगतो ते ऐकायचं असतं असं समजून वाढलेला. खातं उघडलं.

मग सुरू झालं टार्गेट. सरांच्या भाषेत शिस्त म्हणजे व्हॉल्यूम. एक टेबल खेळणारा हौशी, चार टेबलं खेळणारा सिरियस. महिन्याला अमुक इतके डाव झालेच पाहिजेत. क्लासच्या ग्रुपवर दर रविवारी यादी लागायची, कोणाचे किती डाव झाले त्याची. कोण किती जिंकला याची यादी कधीच लागली नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं? ज्याचं टार्गेट राहील त्याने ग्रुपवर सगळ्यांसमोर कारण लिहायचं. माझं राहिलं त्या महिन्यात सोयाबीनची काढणी होती. मी तसं लिहिलं. सरांनी खाली लिहिलं, "एक्स्क्यूज." बाकीच्यांनी अंगठे दाखवले. मळणीयंत्राचा नंबर लागला असताना रात्री बारा वाजता चार टेबलं लावून बसणं म्हणजे शिस्त, हे ज्याच्या पायाला कधी माती लागली नाही तोच म्हणू शकतो.

फोनवर चार टेबलं म्हणजे काय ते ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. पडद्यावर एक टेबल मोठं, बाकीची तीन वरच्या कडेला चौकटीत. ज्या टेबलावर तुमची पाळी येते त्या चौकटीभोवती कडं फिरायला लागतं. तुम्ही इथला डाव अर्धवट डोक्यात ठेवून तिकडे जाता, तोवर तिथला निम्मा वेळ संपलेला असतो. कोणी किती भरलं, कोण आधी थांबला होता आणि आता अचानक का वाढवतोय, हे काही तुम्ही पाहिलेलं नसतं. फक्त तुमची दोन पानं आणि समोरचा आकडा.

एक डाव मी विसरत नाही. माझ्याकडे एक्का-राणी, फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, एक्का. दोनदा भरलं, समोरचा एकजण दोन्ही वेळा नुसता कॉल करत राहिला. शेवटचं पान, म्हणजे रिव्हर, पडलं, मी परत भरलं आणि दुसऱ्या टेबलावर गेलो. परत आलो तर त्याने तिप्पट वाढवलेलं, आणि माझ्याकडे चार सेकंद. मी कॉल दाबलं. त्याने फुल हाउस दाखवलं. आता खरी गोष्ट ऐका. त्या माणसाचं नाव माझ्या रजिस्टरात होतं. एक टेबल खेळत होतो तेव्हाच मी त्याच्यापुढे लिहून ठेवलं होतं: 'रिव्हरला वाढवतो तेव्हा असतंच. सोडायचं.' ते पान माझ्या गुडघ्याशेजारी उघडं होतं. एक टेबल असतं तर मी पानं टाकली असती, शंभरातून शंभर वेळा टाकली असती. रविवारच्या वर्गात मी हा डाव काढला, तर सर म्हणाले, "टेबलांचा दोष नाही, फोकसचा आहे. सहा टेबलं लाव, मेंदू आपोआप फास्ट होईल."

त्याच सुमारास एका रात्री बाबा मोटर सुरू करायला निघाले, हरभऱ्याला रात्रीचीच लाईन होती. मला दिव्याखाली बघून म्हणाले, "काऊन रे, निजला नाहीस अजून?" मी म्हटलं क्लासचं काम आहे. ते काही बोलले नाहीत आणि बॅटरी घेऊन एकटेच गेले. ते काम माझं होतं. सरांचा राग मला फीसाठी येतो त्याहून जास्त या रात्रीसाठी येतो.

मग तो वर्ग आला. सर कोणाचा तरी डाव पडद्यावर दाखवत होते, आम्ही सगळे आपापल्या घरून बघत होतो. एक खिडकी बंद करायला गेले आणि तिच्याखालची उघडली. पांढऱ्या पानावर तक्ता. पहिल्या रकान्यात नावं, अ‍ॅपवरची. दुसऱ्यात 'रेक'. तिसऱ्यात 'कमिशन'. वरून तिसरं नाव माझं होतं.

मी दिवसभर तक्तेच बघतो. एखाद्याला वाचायला मिनिट लागलं असतं, मला तेवढा वेळ लागला नाही. माझ्या नावापुढे त्या महिन्याचा माझा रेक होता, म्हणजे मी खेळलेल्या डावांच्या पॉटमधून अ‍ॅपने कापून घेतलेले पैसे, आणि त्याच्यापुढे त्यातला सरांचा वाटा. ज्या पोरांची ग्रुपवर शिस्तीसाठी पाठ थोपटली जायची, ती सगळी वरच्या ओळींत. ज्याला 'एक्स्क्यूज' म्हणून झापलं जायचं, तो खाली. रविवारची यादी आणि हा तक्ता एकच होता, फक्त रकान्यांची नावं वेगळी. काही सेकंदांत सरांनी खिडकी बंद केली आणि म्हणाले, "हं, तर फ्लॉपवर काय झालं?" आवाजात जराही फरक नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

मी वर्गातच लिहून विचारलं, हा तक्ता कसला? उत्तर नाही. रात्री फोन केला. म्हणाले, "प्रत्येक अ‍ॅपचे पार्टनर असतात. तुझ्या खिशातून काही जास्तीचं गेलं का? मग प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "सर, एवढंच सांगा. चार टेबलांचं टार्गेट माझ्या भल्यासाठी होतं की त्या तिसऱ्या रकान्यासाठी?" त्यावर म्हणाले, "तुझा माइंडसेट गावठी आहे. विनर हिशोब मागत नाही." दुसऱ्या दिवशी ग्रुपवर संदेश पडला, ज्यांना शिस्त झेपत नाही त्यांनी बाहेर पडावं. खाली मला काढल्याची ओळ. तिसऱ्या हप्त्याचे पैसे देऊन मला थोडेच दिवस झाले होते, त्या हप्त्याचे वर्ग अजून सुरूही व्हायचे होते.

कमिशनशी माझं वैर नाही. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून आम्हा केंद्रचालकांना 40 रुपये मिळायचे. मी दुकानात कागदावर लिहून लावलं होतं, शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, माझे पैसे कंपनी देते. कोणी विचारलं तर बोट दाखवायचो. सरांनी पहिल्या दिवशी एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते बोलले असते तरी मी कदाचित शिकलो असतो, फक्त टेबलं किती लावायची हे माझं मी ठरवलं असतं.

आता हे रेकचे पैसे किती होतात ते नीट बघा, कारण छोट्या टेबलावर खेळणाऱ्यांपैकी फार थोडे हे मांडून बघतात. समजा पॉटमधून 5 टक्के कापतात आणि एक-दोनच्या टेबलावर सरासरी पॉट 40 रुपयांचा होतो. डावामागे दोन रुपये गेले. तासाला साठ डाव धरले तर टेबलावरून 120 रुपये, सहा खेळाडूंत वाटले तर माणशी 20. म्हणजे तासाला दहा मोठे ब्लाइंड तुम्ही कोणाशीही न हरता गमावता. चार टेबलांवर 80 रुपये, आणि तीन तास बसलात तर 240, एका बैठकीला लागणाऱ्या पूर्ण रकमेहून जास्त. इतक्या छोट्या टेबलावर तुमचा पहिला प्रतिस्पर्धी रेक असतो. त्याला हरवायचा मार्ग एकच, कमी डावांत उतरायचं आणि उतराल तिथे पूर्ण लक्ष द्यायचं. सरांची शिकवण बरोबर याच्या उलट होती.

ग्रुप सुटल्यावर मी रजिस्टर घेऊन बसलो आणि ओळी वेगळ्या काढल्या. एक टेबल, रात्री साडेनऊ ते साडेदहा: वर. एक टेबल, साडेदहानंतर: जेमतेम बरोबरी. चार टेबलं, कुठलीही वेळ: खाली. मी ज्याला आपली कमजोरी समजत होतो ती दुसऱ्याने लादलेली पद्धत होती, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानंतर मी पुन्हा एकाच टेबलावर आलो, माझ्या जुन्या अ‍ॅपवर, आणि पैशांचे खेळ बंद होईपर्यंत तसाच खेळलो. खाली सांगतो ते त्या काळातलं आहे.

पान टाकल्यावर काय करता, एकाग्रता तिथे कळते. सहाजणांच्या टेबलावर शहाणा माणूस बहुतेक डाव पहिल्या दोन पानांवरच सोडतो. मग मोकळा वेळ उरतो आणि हात व्हॉट्सअ‍ॅपकडे जातो. तिथेच सगळं जातं. मी नियम केला होता की सोडलेल्या डावात एका माणसाकडेच बघायचं, आणि डाव उघडला की त्याने कोणती पानं कशी खेळली ते दोन शब्दांत लिहायचं. महिनाभरात त्या वेळेला नेहमी बसणाऱ्यांची चांगली वही तयार होते. छोट्या टेबलावर तीच तीच माणसं परत येतात.

फोन हातात धरून खेळू नका, पाटावर किंवा टेबलावर सपाट ठेवा. हातात असला की अंगठा डोक्याच्या आधी चालतो. सोपा निर्णय असला तरी मनात पाच मोजून मगच दाबा. सोप्या निर्णयाला सवय लागली की कठीण निर्णयाला ती आपोआप येते. डोकं सटकायला लागलं, ज्याला खेळाडू टिल्ट म्हणतात, त्याची माझी खूण हीच होती: पाच मोजणं बंद पडायचं. चिडलोय हे मला उशिरा कळायचं, पण मोजणं सुटलं हे लगेच कळायचं. सुटलं की तो डाव संपवून उठायचं, टेबलावर कितीही पैसे असोत. जेरेड टेंडलर नावाच्या मानसशास्त्राच्या माणसाचं 'द मेंटल गेम ऑफ पोकर' हे 2011 चं पुस्तक सगळं याच विषयावर आहे. इंग्रजी जमत असेल तर ते वाचा, नऊ हजारांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. समोर बादशहांची जोडी असली आणि सगळे पैसे आधीच आत गेले, तरी शंभरात साधारण 18 वेळा तुम्ही हरणार. फ्लॉपवर तुमच्याकडे बदामाची चार पानं झाली असतील तर रिव्हरपर्यंत पाचवं येण्याची शक्यता 35 टक्के, म्हणजे तिनात दोनदा येत नाही. हे आकडे मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिले होते. हरल्यावर आधी तिकडे बघायचं, अ‍ॅपने फसवलं असं ओरडायचं नाही. अ‍ॅपवर संशय घ्यायला माझ्याकडे दुसरी कारणं होती, पानांचं कारण कधीच नव्हतं.

पैसे वेगळे ठेवा, वेगळ्या खात्यात. दोनशेची बैठक असेल तर निदान तीस बैठकांचे, सहा हजार. ते चार हजारांखाली आले की खालच्या टेबलावर जायचं, आणि खालचं टेबल नसेल तर थांबायचं. पैसे संपले की आपोआप परत भरणारी सोय अ‍ॅपमध्ये असते, ती पहिल्या दिवशी बंद करा. उठायची वेळ घड्याळावर ठरवा, हरण्या-जिंकण्यावर ठेवू नका. मी फोन पूर्ण चार्ज करून बसायचो आणि चार्जर दुकानात ठेवून यायचो. रेंज हलत असेल, लाईट गेल्यावर टॉवर डळमळत असेल, तर बसूच नका. वेळ संपला की अ‍ॅप तुमची पानं टाकतं आणि भरलेले पैसे तिथेच राहतात. पेरणी, काढणी, घरात आजारपण, या दिवसांत खेळ बंद. झोप पुरेशी घ्या, दारू पिऊन खेळू नका, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे.

कराचं मात्र कोणी सांगत नाही. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस लागू झाला, पूर्वीची दहा हजारांची सूट गेली. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भरणा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपये टाकले तर त्यातले जवळजवळ 22 सरकारला, खेळायला 78. आमच्या अ‍ॅपने तेवढी रक्कम बोनस म्हणून देऊ केली, पण तो बोनस खेळूनच सोडवावा लागायचा, म्हणजे पुन्हा रेक. सरांनी वर्गात बोनस सांगितला, रेक सांगितला नाही. या खेळातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. त्यामुळे भरणा आणि काढलेले पैसे यांचा बँकेचा उतारा जपून ठेवा. 2025 च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये ज्यांनी जिंकलेले पैसे काढले त्यांनी ते आर्थिक वर्ष 2025-26 च्या विवरणपत्रात दाखवायलाच हवेत. कापलेला टीडीएस 26 एएस मध्ये दिसतो, आयकर खात्याला सगळं आधीच माहीत असतं.

2025 च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यांनी आरोप नाकारला, तरी महिनाअखेर त्यांचं खातं बदललं. नेमके ते दिवस पीक विम्याचे. एक रुपयाची योजना त्या वर्षी बंद झालेली, शेतकऱ्याला हप्ता भरावा लागत होता, आणि दुकानात रांगेत उभी असलेली माणसं चिडलेली. त्यांचा राग मला मान्य आहे. पण माझ्याकडे बघून "हाही तसलाच" म्हणणाऱ्यांना माझ्या वहीतला हिशोब बघायची तयारी नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात सगळंच बंद झालं. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदीखाली आले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. मोठ्या अ‍ॅपनी पैशांची टेबलं उतरवली, मी शिल्लक काढून घेतली. आज सराव करायचा तर फुकटच्या चिप्सवर करा. पैशांचं टेबल हवंच असेल तर गोव्याला मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर आहे, तिथे जाण्या-येण्याचा खर्च धरला तर छोट्या खेळाडूला परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि इथेच सावध राहा. बंदीनंतर आमच्या जुन्या ग्रुपमधल्या पोरांना निरोप येऊ लागले, खाजगी क्लबचे. एक अ‍ॅप, त्यात चिप्स, आणि पैसे एजंटला यूपीआयवर. एजंट कोण, तर सरांच्या जवळचाच एक. अशा ठिकाणी तुम्ही जिंकलात तर पैसे देणारा देईल तेव्हा, आणि नाही दिले तर तुम्ही तक्रार कुठे करणार? त्याहून मोठा धोका वेगळा आहे. जिंकलेले पैसे कोणत्या तरी अनोळखी खात्यातून येतात. ते खातं सायबर फसवणुकीत सापडलं की पैशांचा माग तुमच्यापर्यंत येतो आणि तुमचं खातं गोठवलं जातं. त्याच खात्यात पीक विम्याची रक्कम, सोयाबीनचे पैसे आणि आईच्या योजनेचे पैसे येत असतात. खातं मोकळं करून घ्यायला लांबच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो, मी दुकानात बसून दुसऱ्यांचे असे अर्ज लिहिले आहेत. कोणी ऑनलाइन फसवून पैसे काढले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर लगेच फोन करा, उशीर करू नका. आणि खेळ सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सर आता ऑप्शन ट्रेडिंगचा क्लास घेतात. पोस्टर मला रिसोडच्या एका मुलाने पाठवलं, जो तेव्हा सहा टेबलं लावायचा आणि तक्त्यात माझ्या वर होता. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं आहे की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर किरकोळ लोकांपैकी 93 जणांना तोटा झाला. पोस्टरवर ते नाही. पोस्टरवर आहे रोज किमान किती सौदे करायचे, आणि डीमॅट खातं सरांच्याच लिंकवरून उघडायचं. ब्रोकरेजमधला वाटा खातं आणून देणाऱ्याला मिळतो, हे तरी आता त्या मुलाला सांगावं लागलं नाही. त्याने मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, वर्गात सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचार: मी एकही सौदा केला नाही तर तुमचं किती नुकसान होतं? उत्तर लेखी माग.

त्याने विचारलं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. मी माझ्या तिसऱ्या हप्त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सरांना संदेश पाठवतो, रकमेसह आणि भरणा केल्याच्या तारखेसह. निळ्या खुणा येतात.